रुग्ण शांत, तक्रार नाही

४ जून

चि. टिटवीस,

मामाचा सप्रेम निषेध.

या घरातील एकमेव नेलकटर गेले तीन आठवडे बेपत्ता असून, तो तुझ्याच सामानातून परगावी गेल्याचा सबळ पुरावा हाती आला आहे. तू निघालीस त्या सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर तुझी कापलेली नखं होती, नेलकटर नव्हता. या प्रकरणात फिर्यादी मी, तपास अधिकारी मी आणि पीडितही मीच, कारण तेव्हापासून मी नखं कात्रीने कापतो आहे. उजव्या हाताने डाव्याची कापता येतात. डाव्याने उजव्याची कापायला घेतली की मनुष्यदेहाच्या मर्यादा ध्यानात येतात. काल छापखान्यात मुद्रितं तपासत बसलो होतो, तर शेजारच्या डीटीपीवाल्याने विचारलं, "पंडित, बोटाला काय झालं?" म्हटलं, "भाची नर्स झाली."

तक्रार संपली. आता कुशल.

तुझ्या जाण्यावरून तुझ्या आईने माझ्याशी धरलेला अबोला सुटला आहे. तिचं म्हणणं तुला पाठच आहे: पोरगी पास झाली, इथल्याच दवाखान्यात लागली असती, तीनशे मैलांवर धाडायची काय गरज होती. माझं म्हणणं असं, की काम शिकायचं तर मोठ्या इस्पितळात शिकावं. शेवटी तिने मला दारात उभं करून बजावलं होतं, "पंडित, सहा महिन्यांत ती कायम झाली नाही आणि तोंड पाडून परत आली, तर तुझी खैर नाही." तेव्हा मी शब्द दिला की हे सहा महिने इथली कुठलीही कुरकुर तुझ्यापर्यंत जाऊ देणार नाही. तो शब्द मी पाळतो आहे. कुरकुर करण्यासारखं काही नाहीच म्हणा.

ताई हल्ली फार शांत असते. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिच्याशी घातलेला हा पहिलाच वाद मी जिंकलो असं दिसतं. परवा मुद्दाम डिवचलं, म्हटलं, "भाजीत मीठ नाही." एरवी यावर अर्धा तास सुनावणी झाली असती. तर "हो का?" म्हणाली आणि जेवत राहिली. मी दचकून ती अळणी भाजी दोनदा वाढून घेतली. दुधाचाही काही नेम राहिलेला नाही. या आठवड्यात एकदा उतू गेलं आणि एकदा करपलं.

सविस्तर पत्र लिही. मला फोन करू नकोस. फोनवर तू "हो", "नाही" आणि "बरं" एवढंच बोलतेस, आणि या तिन्ही शब्दांत शुद्धलेखनाची चूक काढता येत नाही. फोन आईला, रविवारी. पत्र मला.

तुझा,
नखे वाढलेला मामा

*

१९ जून

प्रिय मामा,

नेलकटर माझ्याकडेच आहे आणि परत मिळणार नाही. पहिल्या दिवशी इनचार्ज सिस्टरनी आम्हा नव्या मुलींना ओळीत उभं केलं आणि हात पुढे करायला लावले. नख बोटाच्या पुढे दिसलं तर वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे तुझा मुद्देमाल सत्कारणी लागला आहे.

खोलीत आम्ही तिघी. तिसरा मजला, तीन खाटा, खाटांखाली पेट्या, एक आरसा. आरशाची उंची सगळ्यांत उंच मुलीने ठरवली, त्यामुळे मी त्यात कपाळापासून वरचीच दिसते. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचा जिना आहे. जिन्याला अर्धी भिंत असल्यामुळे चढणाऱ्यांची फक्त डोकी सरकताना दिसतात. एक टक्कल रोज सव्वासहाला खाली जातं. ते दिसलं की मी बूट घालते. कपडे वाळवायच्या दोरीचा एक तृतीयांश भाग माझा. हद्दीवर चिमटे लावले आहेत आणि ती हद्द कुणी ओलांडली की खोलीत दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही. आपल्या घरासारखंच.

मला पुरुषांचा शस्त्रक्रिया वॉर्ड दिला आहे. चोवीस खाटा, सकाळच्या पाळीला आम्ही तिघी. आठवडाभर मी लिनन रूम शोधत रक्त तपासणीच्या खिडकीवर पोचत होते, तिथल्या माणसाने शेवटी विचारलं, "सिस्टर, रक्त देताय की चादरी?" इनचार्ज सिस्टर बुटक्या आहेत, निवृत्तीला दोन वर्षं आहेत, आवाज कधी चढत नाही. सगळे त्यांना मागून 'भिंग' म्हणतात. त्या फेरीला आल्या की आधी वही वाचतात आणि मग माणूस पाहतात. वहीत दर काही तासांनी प्रत्येक खाटेची नोंद करायची असते. माझ्या नोंदी तुला आवडतील. छोटी वाक्यं, विशेषण नाही. 'ताप नाही. जखम कोरडी. रुग्ण शांत, तक्रार नाही.' भिंग म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे. अक्षराबद्दलच म्हणाल्या.

आई फोनवर बरी वाटते. जेवलीस का, झोप होते का, कपडे वाळतात का, हे तीन प्रश्न दर रविवारी त्याच क्रमाने. मीही त्याच क्रमाने उत्तरं देते आणि मग ती "ठेवते" म्हणते. रागात नाही ना माझ्यावर?

तुझी,
टिटवी

*

६ जुलै

चि. टिटवीस,

पत्र पोचलं. चार चुका सापडल्या. तीन ऱ्हस्वदीर्घाच्या आणि एक विचारांची. विचारांची चूक अशी, की मुद्देमाल सत्कारणी लागल्याने चोरी माफ होत नाही. मी नवा घेतला आहे. तो कापत नाही, चावतो.

राग वगैरे काही नाही. उलट राग आला असता तर घरात जरा जाग राहिली असती.

तुझ्या पायांना फोड आले असतील असा माझा तर्क आहे आणि त्याला व्याकरणाचा आधार आहे. 'परि' म्हणजे भोवती, 'चर्' म्हणजे चालणं. परिचारिका म्हणजे भोवती भोवती चालणारी. ज्याने हा शब्द घडवला त्याने औषध, सुई, टोपी यांचा विचारही केला नाही, फक्त पायांचा केला. तेव्हा रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून बसत जा. हा वैद्यकीय सल्ला नसून भाषिक आहे.

घरची शांतता अखंड चालू आहे. दाराची किल्ली दोनदा हरवली आणि दोनदा सापडली, एकदा साखरेच्या डब्यात. साखर गोड आणि किल्ली चिकट, एवढाच परिणाम झाला. परवा संध्याकाळी छापखान्यातून आलो तर गॅस चालू राहिला होता, वर भांडं नव्हतं. ज्योत आपली एकटीच जळत होती. आता मी दुपारीही एकदा घरी येऊन जातो. चालणं होतं, भूक लागते. ताईचं विणकाम बंद पडलं आहे. "लोकर संपली," म्हणते. लोकर टोपलीत दिसते, पण मी तो विषय काढत नाही. जिंकलेल्या माणसाने जरा उदार असावं.

नोव्हेंबरच्या मध्यावर तुझे सहा महिने भरतात. दिनदर्शिकेवर मी तिथे बारीक खूण केली आहे. ताईने विचारलं, कसली खूण? म्हटलं, माझ्या विजयाची. तेव्हा हसली.

मामा

*

८ ऑगस्ट

प्रिय मामा,

महिनाभर लिहिलं नाही. पायांना फोड आले होते, ते बरे झाले. पण आज त्यासाठी लिहीत नाही.

सात नंबरच्या खाटेवर एक आजोबा आहेत. पेशाने शिंपी. पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्यात मधुमेह. हे आजोबा सकाळी डोळे उघडतात ते बोलत. डॉक्टरांच्या कोटाची बटणं कुठल्या अंतरावर हवी होती, माझा गणवेश खांद्यात कसा ओढतो, सगळं. आठ नंबरने तर लेखी अर्ज केला होता की माझी खाट बदला.

सोमवारी सकाळी मी त्यांना इन्सुलिन दिलं. मग नाश्ता आला. ताटली झाकलेली होती. तेवढ्यात डॉक्टरांची फेरी निघाली म्हणून मी ती उचलून खिडकीत ठेवली, टेबल पुसलं आणि पुढे गेले. फेरी संपेपर्यंत दहा वाजून गेले. अकराला मी नोंदी करत आले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. मला बरं वाटलं, खरं सांगते. पहिल्यांदाच त्या खाटेपाशी दोन मिनिटं मोकळी मिळाली. मी लिहिलं, 'रुग्ण शांत, तक्रार नाही.'

साडेअकराला भिंग आल्या. वही वाचली. मला म्हणाल्या, "सात नंबर शांत?"

"झोपलेत, सिस्टर."

"हे झोपेतही बोलतात," म्हणाल्या आणि सरळ जाऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार आणि ओलं होतं. बोटातून थेंब घेऊन साखर पाहिली, ती इतकी उतरली होती की मला आकडा दोनदा वाचावा लागला. शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांनी आजोबांनी डोळे उघडले आणि भिंगना म्हणाले, "तुमच्या बाहीची शिवण उसवलीय." वॉर्डात सगळे हसले. भिंग हसल्या नाहीत. त्या खिडकीतली ताटली घेऊन आल्या, झाकण काढून मला दाखवली आणि परत झाकली.

आजोबा ठीक आहेत. मला पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे. तो माझ्या फाइलला लागणार आणि नोव्हेंबरात कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरवताना तो वाचणार. तीन दिवस कागद समोर घेऊन बसते आहे. तू लिहून दे ना. तुझ्याइतकं बरोबर कुणाला लिहिता येत नाही.

आईला सांगू नकोस.

टिटवी

*

१२ ऑगस्ट

चि. टिटवीस,

आईला सांगितलं नाही. सोबत मसुदा आहे, स्वच्छ अक्षरात उतरवून दे. एक काना बदलू नकोस.

"दिनांक ४ रोजी सकाळच्या पाळीत खाट क्रमांक सातवरील रुग्णास विहित वेळी इन्सुलिन देण्यात आले. तदनंतर नाश्ता पुरविण्यात आला. तथापि कामाच्या व्यापामुळे सदर नाश्ता ग्रहण करण्यात आला नसल्याची बाब वेळीच निदर्शनास येऊ शकली नाही. रुग्ण शांत आढळल्याने तशी नोंद घेण्यात आली. यापुढे अधिक दक्षता घेण्यात येईल."

पाच वाक्यं आहेत. पुन्हा वाचून पाहा. इन्सुलिन दिलं गेलं, नाश्ता आला, बाब निदर्शनास आली नाही, नोंद झाली, दक्षता येईल. कारवाई करायची म्हटली तर कुणावर करणार? त्या वॉर्डात माणूसच नाही. तीस वर्षं सरकारी अहवालांची मुद्रितं तपासून जी विद्या मिळवली, ती आज घरच्या माणसाच्या उपयोगी पडते आहे, याचं मला समाधान आहे.

घाबरू नकोस. चूक झाली, माणूस वाचला, कागद गुळगुळीत आहे. तुझी जागा कुठे जात नाही.

मामा

*

२३ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझा मसुदा मी उतरवून दिला. भिंगनी उभ्याउभ्याच वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तू नाही. तुला 'निदर्शनास' लिहिता येत नाही, वहीत पाहिलंय मी."

"माझ्या मामाने."

"वकील आहेत?"

"नाही. छापखान्यात चुका तपासतात."

"मग त्यांना कळायला हवं होतं," म्हणाल्या. "यात देण्यात आलंय, घेण्यात आलंय, सगळं आहे. त्या म्हाताऱ्याकडे कुणी बघितलं नाही, ते कुठाय?" आणि कागद परत दिला. मी निघाले तशी मागून म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. बोलका माणूस गप्प झाला की तीच त्याची तक्रार असते. तो ती सांगू शकत नाही, म्हणून आपल्याला पगार देतात."

मग मी खोलीवर आले, खाटेवर बसले आणि लिहिलं. 'मी इन्सुलिन दिलं. मी ताटली उचलून खिडकीत ठेवली. मी झाकण उघडलं नाही. आजोबा गप्प होते, मला त्यामुळे बरं वाटलं आणि मी त्यांना हात लावला नाही. शांत हा शब्द मी न पाहता लिहिला.' पाचच वाक्यं झाली, तुझ्याइतकीच. भिंगनी ती वाचली, खाली सही केली आणि फाइलला लावली. कायम करतील की नाही ते काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सात नंबर मलाच दिला.

मामा, आता दुसरं. त्या संध्याकाळी मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. मला बघायचं होतं की मी असं लिहायला कुठे शिकले. दूध उतू गेलं. दूध करपलं. किल्ली हरवली, किल्ली साखरेत सापडली. गॅस चालू राहिला. विणकाम बंद पडलं. ताई फार शांत असते. मी प्रत्येक वेळी हसले होते.

गॅस कुणी चालू ठेवला? तिचं हे केव्हापासून चालू आहे? भाजीत मीठ नाही हे तिला खाताना कळलं होतं का? तीच गोष्ट ती पुन्हा पुन्हा विचारते का? मी हे नर्स म्हणून विचारत नाही असं लिहिणार होते, पण नर्स म्हणूनच विचारते आहे.

टिटवी

*

२९ ऑगस्ट

चि. टिटवीस,

तुझ्या इनचार्ज बाईंना माझा नमस्कार सांग. तीस वर्षांत माझं मुद्रित कुणी परत पाठवलं नव्हतं.

तरीही त्यांच्या दाव्यात एक व्याकरणाची खोच आहे, ती त्यांच्या कानावर घालावीस. "मी झाकण उघडलं नाही" या वाक्यात 'उघडलं' हे रूप कुणाशी जुळतं? झाकणाशी. झाकण नपुंसकलिंगी म्हणून 'उघडलं'. ताटली असती तर 'उघडली'. उघडणारी तू असूनही क्रियापद तुझ्याकडे ढुंकून पाहत नाही. 'मी पडले' म्हण, 'मी रडले' म्हण, क्रियापद तुझ्यामागे येईल. पण दुसऱ्या कशाला हात लावून काही केलंस, की भूतकाळात ते तुला सोडून त्या वस्तूच्या मागे जातं. म्हणजे आपल्या भाषेनेच आपल्याला एक मागचं दार ठेवलेलं आहे. मी फक्त त्याला बिजागरी बसवली.

घरी सर्व ठीक. हवा बदलली की ताईचं जरा असं होतं. वय झालं. मी आहे. तू नोव्हेंबरकडे लक्ष दे.

मामा

*

३ सप्टेंबर

मामा,

मी चार प्रश्न विचारले होते. तू झाकणावर पानभर लिहिलंस.

रविवारी आईने तिचे तीन प्रश्न विचारायच्या आधीच मी विचारलं, "आई, मी कुठल्या वॉर्डात आहे सांग बघू." म्हणाली, "पंडितला विचार ना, तो सांगेल." मी तिला हे निदान बारा वेळा सांगितलं असेल.

सहा महिने भरायच्या आत लांबची रजा घेतली तर ते पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतात आणि तोवर खाट दुसरीला देतात. हे मी भिंगना विचारून घेतलं आहे. तरी अर्ज लिहून ठेवला आहे, तारीख घालायची बाकी आहे. पंधरा तारखेपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मी ती घालीन. आधी तिला डॉक्टरकडे ने. मग लिही. मला तू पाहिलंस ते हवंय.

टिटवी

*

१२ सप्टेंबर

टिटवी,

गॅस ताईने चालू ठेवला. किल्ली साखरेत तिनेच टाकली. भाजीत मीठ घालायचं ती विसरली होती आणि खाताना तिला ते कळलं नाही. लोकर संपलेली नाही. टाके मोजताना तिचा आकडा मध्येच सुटतो, म्हणून तिने सुया फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत. मी त्या फळीवर शब्दकोश शोधायला गेलो तेव्हा मला दिसल्या.

केव्हापासून, असं विचारतेस. माझ्या लक्षात मार्चमध्ये आलं, म्हणजे तू जायच्या दोन महिने आधी. तुझी शेवटची परीक्षा चालू होती. मग निकाल लागला, मग नेमणुकीचं पत्र आलं. तुझ्या जाण्यावरून आम्ही भांडलो त्या दुपारी तिने एकच मुद्दा मला तीनदा सांगितला, तिन्ही वेळा नव्याने सुचल्यासारखा. मी त्याला हट्ट म्हटलं. हट्ट म्हटलं की उत्तर देता येतं.

फोनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर माझ्या अक्षरात तीन प्रश्न लिहिले आहेत. रविवारी ती ते वाचून विचारते. तू मध्येच दुसरं काही विचारशील हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सोमवारी तिला डॉक्टरकडे नेलं. तुझे गुडघे दाखवू म्हणून सांगितलं, तिला पटलं. डॉक्टरीणबाई तुझ्याहून फार मोठ्या नसतील. वार विचारला, तो चुकला. महिना बरोबर सांगितला. शंभरातून सात वजा करायला सांगितले तर म्हणाली, "हे हिशेब याला विचारा, मी कधी केले नाहीत," आणि ते खरंच आहे. मग बाईंनी विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आलंय?"

"हा पंडित."

"नात्याने कोण?"

"भाऊ. धाकटा. फार शिकलाय, उपयोग नाही."

बाई हसल्या. मलाही तेवढं ऐकून बरं वाटलं, कारण असं ती हल्ली बोलत नाही. मग त्या म्हणाल्या, "आणि यांचं खरं नाव?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. शाळेत शेजारच्याकडे पाहतात तसं, मी हळूच सांगावं म्हणून. बाईंनी मला बोटाने खूण केली, सांगू नका. माझं नाव ताईनेच सुचवलं होतं, असं आमची आई सांगायची. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तिला आवडणाऱ्या कुण्या मुलाचं ते नाव होतं. ती बराच वेळ शोधत होती. भिंतीवर लहान मुलांच्या लसींचा तक्ता होता, तो मी दोनदा वाचला. मग म्हणाली, "आम्ही पंडितच म्हणतो हो त्याला," आणि विषय संपवल्यासारखी पदराशी चाळा करत बसली.

रक्त घेतलं आहे. डोक्याचा स्कॅन बुधवारी आहे. थायरॉइडमुळे असं होतं, एखादं जीवनसत्त्व कमी पडल्यानेही होतं, आणि तसं निघालं तर गोळ्यांनी पुष्कळ सुधारतं, असं बाई म्हणाल्या. तसं नाही निघालं तर सुधारणार नाही, सांभाळावं लागेल. कोणतं आहे ते आठवडाभरात कळेल. तुला यातलं माझ्याहून जास्त कळतं, म्हणून आणखी लिहीत नाही. कागदांच्या नकला सोबत ठेवल्या आहेत.

रजा घेऊ नकोस, असं लिहायला मी बसलो होतो. नोव्हेंबरला दोनच महिने आहेत, मी दुपारी घरी येतोच, शेजारच्या शिक्षिकाबाई सकाळी डोकावतील, वगैरे. असं दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. ते खोटं नव्हतं. शिक्षिकाबाई खरोखर डोकावतात. पण तू मला पाहिलेलं लिहायला सांगितलंस, तर एक राहिलं आहे.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी ताईने मला विचारलं, टिटवी कधी येणार. सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी तिच्या अंगावर ओरडलो. काय बोललो ते मला इथे लिहवत नाही. हातातलं पातेलं मी ओट्यावर आपटलं, त्याला पोचा आला आहे. ती म्हणाली, "चुकलं माझं." ताई असं म्हणाली. कशात चुकलं ते तिला माहीत नव्हतं. भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली, हात मांडीवर घेऊन. तासाभराने नेहमीसारखी जेवली, आणि सकाळी पोचा पाहून म्हणाली, "हे कुणी पाडलं रे?" मी म्हटलं, "पडलं."

तू यावंस की नाही हे मला ठरवता येत नाही. तुझं काम जाईल म्हणून येऊ नकोस असं वाटतं, आणि तू आलीस तर मी सुटेन असंही वाटतं. दोन्ही खरं आहे, तेव्हा माझा सल्ला धरू नकोस.

आजार काय निघेल याची मला काळजी आहे, पण त्याबद्दल विचारायला डॉक्टर आहेत, तू आहेस. मला जास्त भीती माझी वाटते. मी पुन्हा ओरडेन. घरात आम्ही दोघंच असतो आणि दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नाही. मला थांबवायला कुणी नाही.

मामा